जर्मन दुकानातली फरशी

अमेरिकेतली माझी पहिली नोकरी एका जर्मन सुपरमार्केटमध्ये होती. दुकान आम्ही राहायचो त्या चँडलर गावातलंच, घरापासून गाडीने पाच-सात मिनिटांवर. जर्मन म्हणजे मालक जर्मन. आत काम करणारे आम्ही सगळे दुसरीकडचेच होतो. कोणी मेक्सिकोतून आलेलं, कोणी ओहायोतून, कोणी व्हिएतनाममधून, आणि मी नागपूरची.

त्याआधी पुण्यात मी एका मोठ्या किराणा कंपनीच्या ऑफिसात होते. कोणत्या शहरातल्या दुकानात किती माल पाठवायचा हे एसीत बसून ठरवायचं, असं काम. दुकानात पाय ठेवायचा तो पाहणीपुरता, आणि त्या दिवशी मॅनेजर दारात उभा राहून चहा विचारायचा. मग लग्न झालं. नवरा इथे कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर मी आले आणि वर्क परमिट येईपर्यंत घरात बसून राहिले. परमिट आल्यावर जिथे जमेल तिथे अर्ज केले. ऑफिसांकडून साधं उत्तरसुद्धा येईना. या दुकानाकडून मात्र फोन आला.

मुलाखत घेणारी बाई शिकागोच्या बाजूची होती, उंच, पिकल्या केसांची. या भागातली दुकानं तिच्या हाताखाली होती. माझ्या एमबीएबद्दल तिने फारसं विचारलं नाही. गुडघे ठीक आहेत का, वजन उचलता येतं का, सकाळी लवकर येता येईल का, एवढंच विचारलं. मग म्हणाली, "आमच्याकडे मॅनेजर म्हणजे ज्याच्याकडे चाव्या असतात तो. बाकी कामं सगळ्यांची सारखीच."

ती गमतीने म्हणते आहे असं मला वाटलं. तसं नव्हतं.

बाकीच्या अमेरिकन सुपरमार्केटांशी तुलना केली तर ते दुकान अगदी लहान. तिकडे केचपच्या वीस तऱ्हा असतात, इथे दोन. बहुतेक माल कंपनीच्या स्वतःच्याच नावाचा. डबे, बाटल्या काढून फळीवर रचत बसायचं नाही. खोक्याचा पुढचा भाग फाडायचा आणि खोकंच्या खोकं फळीवर सरकवायचं. ट्रॉली साखळीने बांधलेली, नाणं घातलं की सुटते, परत लावली की नाणं मिळतं, त्यामुळे पार्किंगमधून ट्रॉल्या गोळा करायला माणूस लागत नाही. पिशव्या गिऱ्हाइकाने आणायच्या आणि सामानही त्यानेच भरायचं. आणि बिल करणारा खुर्चीवर बसलेला असतो. हे शेवटचं इथल्या लोकांना सगळ्यात विचित्र वाटायचं, कारण या देशात दुकानातला कॅशियर दिवसभर उभा असतो. एक म्हातारे गृहस्थ मला दर वेळी म्हणायचे, "वा, तुम्हाला बसू देतात!" बसून हात जास्त वेगाने चालतो, हे त्यामागचं कारण. जर्मनीत असंच, इंग्लंडमध्ये असंच, ऑस्ट्रेलियातही असंच, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. देशाप्रमाणे बदलायचं ते फक्त फळीवरचं थोडं सामान. आमच्याकडे मेक्सिकन टॉर्टिया आणि टिक्का मसाल्याच्या बाटल्या शेजारीशेजारी असायच्या.

माणसं मोजकीच असल्यामुळे सगळ्यांना सगळं यावं लागतं. ट्रक आला की माल उतरवायचा, खोकी दाबून त्यांचे गठ्ठे करायचे, दूध भरायचं, बिल करायचं, आणि फरशी. पहिल्याच दिवशी त्या शिकागोच्या बाईने मला मागच्या खोलीत नेलं, मॉप आणि बादली दाखवली, पाण्यात किती औषध घालायचं ते सांगितलं आणि स्वतःच कोपऱ्यापासून पुसायला लागली. अर्धी फरशी पुसून झाल्यावर मॉप माझ्या हातात दिला. त्यानंतर आठवड्याची कामं आळीपाळीने येत गेली. फरशी, बाथरूम, माल, बिल. असिस्टंट मॅनेजर झाले, चाव्या आल्या, तरी ती आळीपाळी सुटली नाही.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. मी त्यांना सगळंच सांगते. खुर्चीबद्दल ऐकून ते हसले, नाण्याची युक्ती त्यांना आवडली. फरशीचं सांगितलं तेव्हा पलीकडे आवाज येईना. लाइन गेली असं समजून मी हॅलो हॅलो करत राहिले. मग आई फोनवर आली आणि तिकडे ऊन किती आहे ते विचारू लागली. त्यानंतर बाबा फोनवर सगळ्या गोष्टी बोलायचे. जावयाची तब्येत, इलेक्शन, माझी गाडी. नोकरीबद्दल मात्र विचारायचे नाहीत.

कारण मला माहीत होतं. आमच्या पणजोबांच्या गावात गावचा रस्ता झाडणं हे आमच्या घराचं काम होतं. घराचं म्हणजे जन्माचं. आजोबा लहानपणी त्यांच्या आईबरोबर झाडायला जायचे. आमच्या लोकांना ज्यांनी खेडं सोडून शहरात जायला सांगितलं, त्यांचं ऐकून आजोबा नागपूरला आले आणि कापडाच्या मिलमध्ये लागले. बाबा शिकले, बँकेत लागले, ऑफिसर झाले. आणि त्यांनी घरात एक नियम केला की मुलींनी झाडूला हात लावायचा नाही. आईनेही नाही. कामाला बाई ठेवा, असं शेजारचे म्हणायचे. त्यावर बाबा म्हणायचे, आपल्या लेकीच्या हातातला काढून दुसऱ्याच्या लेकीच्या हातात द्यायचा का? मग झाडणार कोण? तर बाबाच झाडायचे. सकाळी लवकर उठून, दार लावून, सगळं घर स्वच्छ झाडायचे, पुसायचे, आंघोळ करून वंदना म्हणायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे. आम्ही दोघी बहिणी उठायच्या आत घर लख्ख झालेलं असायचं. क्वचित लवकर जाग आली की ते वाकून झाडताना दिसायचे.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आईबाबा आमच्याकडे आले. चँडलरचा हिवाळा म्हणजे नागपूरच्या हिवाळ्याचाच भाऊ. सकाळी स्वेटर, दुपारी अर्धी बाही. बाबा रोज कालव्याच्या काठाने लांबवर फिरायला जायचे. आमच्या गल्लीत शोभेची संत्र्याची झाडं आहेत, फळांनी लगडलेली, आणि कोणी तोडत नाही. नागपूरच्या माणसाला हे बघवेना. एके दिवशी त्यांनी एक तोडून आणलं, सोललं, तोंडात घातलं आणि चेहरा असा केला की आई हसून खाली बसली. कडू जहर. ती झाडं नुसती दिसण्यापुरती असतात हे नवऱ्याने सांगितल्यावर बाबा म्हणाले, मग लावली कशाला?

आईला माझं दुकान बघायचं होतं. ती दोनदा आली, मला खुर्चीवर बसून भराभर बिल करताना पाहून खूश झाली, जर्मन चॉकलेटं घेऊन गेली. बाबा आले नाहीत. कधी फिरून थकले होते, कधी पाय दुखत होता, कधी पेपर वाचायचा राहिला होता. मीही आग्रह केला नाही.

एका शनिवारी मात्र त्यांना यावं लागलं. गाडीचे टायर बदलायचे होते. नवऱ्याने आईबाबांना दुकानाशी उतरवलं आणि तो गॅरेजला गेला. आईला दही आणि भाजी घ्यायची होती. बाबा बाहेर थांबतो म्हणाले, पण त्या दिवशी वारा होता, आईने त्यांना आत आणलं. मी मागून बटाट्याची खोकी आणत होते, तेव्हा ते मला दिसले. पावाच्या फळीपाशी, हात मागे बांधून, पाहुण्यासारखे उभे. मी हात केला. त्यांनी मान हलवली.

थोड्याच वेळात पुढच्या रांगेत काच फुटल्याचा आवाज आला. एका म्हाताऱ्या बाईच्या हातून पास्त्याच्या सॉसची मोठी बाटली निसटली होती. सगळीकडे लाल रस्सा आणि काचा. बाई बिचारी सॉरी सॉरी म्हणत होती. आमच्याकडे रीत अशी की सगळ्यात जवळ असेल त्याने लगेच साफ करायचं. सगळ्यात जवळ मीच होते. मी बाईंना बाजूला नेलं, फरशी ओली असल्याची पिवळी पाटी ठेवली, मागून झाडू, सुपली आणि मॉप आणला आणि कामाला लागले. बाबा तिथून चार हातांवर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुतेक हात थांबले असते.

तेवढ्यात मागून मराठी बोलणं कानावर आलं. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू होत्या, मूळच्या पुण्याच्या, स्वभावाने चांगल्या. गणपतीत मोदकांची सगळी जबाबदारी त्यांचीच असते. ट्रॉली घेऊन माझ्यापाशी थांबल्या आणि कळवळून म्हणाल्या, "अगं, तू मॅनेजर ना? मग हे कोणाला तरी सांगायचं ना करायला. तू कशाला?"

मी उत्तर देणार, त्याआधी बाबा पुढे आले. काकूंनी त्यांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. बाबा शांतपणे म्हणाले, "इथं हे काम कोणा एकाचं नाही, बाई. ज्याच्यासमोर सांडलं त्यानं पुसायचं."

काकू गडबडल्या. माझे बाबा आहेत हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी नमस्कार केला, नागपूरची थंडी, प्रवास, असं विचारलं, घरी जेवायला यायचा आग्रह केला आणि गेल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. बाबांनाही ते कळलं असावं. मी फरशी पुसून घेतली, पिवळी पाटी तशीच ठेवली, हात धुऊन बिलावर जाऊन बसले. आईबाबा माझ्याच रांगेत आले. बाबांनी काळसर जर्मन ब्रेडचा एक चौकोनी पुडा घेतला होता. सामान त्यांनी स्वतःच पिशवीत भरलं, जड खाली, हलकं वर, बँकेत नोटा लावायचे तसं नीट.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ते मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. इथल्या अंगणात गवत नसतं, खडी असते. मी चहा घेऊन शेजारी बसले. मग बाबांनी आजोबांची गोष्ट काढली. मला ठाऊक असलेलीच, पण या वेळी वेगळ्या टोकाने सांगितली. म्हणाले, झाडण्याचं दुःख नव्हतं. झाडू खाली ठेवायची मुभा नव्हती, त्याचं होतं. एके वर्षी आजोबांच्या आईला ताप होता आणि गावात कसलीशी जत्रा. ती उठू शकत नव्हती. तरी माणूस बोलवायला आला. नऊ-दहा वर्षांचे आजोबा एकटे गेले आणि सगळा रस्ता झाडून आले. झाडू ठेवायचा तर गावच सोडावं लागायचं. म्हणून गाव सोडलं.

"तुला ठेवता येतो का तो खाली?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, येतो. पुढच्या आठवड्यात ते काम दुसऱ्या कोणाकडे जाईल. उद्या नोकरी सोडली तर का सोडली असंही कोणी विचारणार नाही. आणि मला त्याचा कमीपणा कधी वाटला नाही, कारण आपल्या घरात झाडू मी पाहिला तो तुमच्याच हातात.

बाबा हसले, पण ते हसू लगेच विरलं. म्हणाले, "मी दार लावून झाडत होतो, बेटा. तू भर दुकानात पुसून राहिली." त्यात कौतुक होतं की अजून थोडा त्रास होता, मला नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

चहा संपला. मी कप उचलून आत निघाले, तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं. दुकानात त्यांनी माझ्याबरोबर काम करणारी एक बाई पाहिली होती, मेक्सिकोतली, पन्नाशीची, त्या दिवशी बाथरूम साफ करत होती. "आणि तिला? तिला ठेवता येतो का?"

कागदावर तिची कामंही आमच्यासारखीच आळीपाळीने होती. पण तिला इंग्रजी जेमतेम यायची, दुसरी नोकरी सहज मिळाली नसती, आणि चाव्या तिच्याकडे येण्याची शक्यताही कोणी बोलून दाखवली नव्हती. मीसुद्धा नाही. मी बाबांना म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग तू बघ.

सोमवारी मी तिला विचारलं. खोकी फाडता फाडता, मोडक्या इंग्रजीत आणि त्याहून मोडक्या स्पॅनिशमध्ये. शिफ्ट सांभाळायचं ट्रेनिंग घेणार का, मी शिकवते, इंग्रजीचं जमवून घेऊ. तिने हातातलं काम थांबवलं नाही. रविवारी कामावर यावं लागेल का, एवढं विचारलं. यावं लागलं असतं. रविवारी तिचं चर्च असायचं आणि नंतर सगळ्या नातवंडांचं जेवण. ती म्हणाली, नको, मी आहे ती बरी आहे. मग म्हणाली की तिच्या धाकट्या बहिणीला मात्र इथे यायचं आहे आणि तिला चाव्या चालतील. बहीण पुढे आली, बिलावर माझ्यापेक्षा वेगवान निघाली, आणि वर्षभरात तिच्याकडे चाव्या गेल्या. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्या थोरल्या बहिणीबद्दलच परत विचारलं. तिनं नको म्हटलं, हे त्यांना पटवून द्यायला मला वेळ लागला. नाही म्हणण्याइतकं तरी तिच्या हातात होतं, असं मी म्हटलं.

त्या शनिवारनंतर बाबा दुकानात यायला लागले. फिरायला म्हणून निघायचे आणि कालवा सोडून उलट्या बाजूने चालत दुकानापर्यंत यायचे. चँडलरमध्ये एवढं कोणी चालत नाही. रुंद रस्त्याच्या कडेने टोपी घालून चाललेला तो माणूस आमच्या गिऱ्हाइकांनाही ओळखीचा झाला. काळा ब्रेड त्यांना आवडला होता. आईला तो अजिबात आवडला नाही, ओल्या विटेसारखा लागतो म्हणाली. बाबा त्याच्या पातळ चकत्या भाजून, वर हिरव्या मिरचीचा ठेचा लावून खायचे. शिकागोच्या बाईशीही त्यांची एकदा गाठ पडली. ती त्या दिवशी पाहणीला आली होती आणि आल्या आल्या दुधाची रिकामी खोकी उचलायला लागली होती. मी ओळख करून दिली. ती म्हणाली, तुमची मुलगी खूप मेहनती आहे. बाबा त्यांच्या बँकेतल्या इंग्रजीत म्हणाले, तिची पणजीही होती. त्या बाईला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. तिने हसून हात मिळवला.

फेब्रुवारीत ते परत गेले. बॅगेत चॉकलेटं, शेजारच्या मुलांसाठी पेन्सिली, आणि आई नको नको म्हणत असताना घातलेले ब्रेडचे दोन पुडे. एअरपोर्टवर बाबांनी गुडघ्यांना तेल लाव, एवढं सांगितलं.

मी आता त्या दुकानात नाही. पलीकडच्या गावात कंपनीने नवीन दुकान उघडलं, ते माझ्याकडे आहे. तिथेही खुर्च्या तशाच, नाण्याच्या ट्रॉल्या तशाच, डोळे मिटून चाललं तरी दूध सापडेल अशी मांडणी तीच. नवीन लागणाऱ्यांत आपल्याकडच्या काही बायका असतात, बहुतेक नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, शिकलेल्या. पहिल्या दिवशी मॉप दिसला की त्यांचा चेहरा बदलतो. मी काही समजावत बसत नाही. मला जसं दाखवलं गेलं तसं कोपऱ्यापासून पुसायला लागते आणि अर्ध्यात त्यांच्या हातात देते. एक-दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. बाकीच्या टिकल्या.

मागच्या महिन्यात आईने फोनवर एक गोष्ट सांगितली. विहारात कार्यक्रम होता, तिथे बाबांना कोणी तरी विचारलं, थोरली अमेरिकेत काय करते? पूर्वी बाबा मॅनेजर आहे एवढंच सांगायचे. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. माल उतरवते, बिल करते, दुकान चालवते, आणि पाळी आली की फरशीही पुसते. ऐकणारा जुन्या ओळखीतला होता. तो म्हणाला, "अमेरिकेत जाऊन?" त्या प्रश्नाला बाबांनी काय उत्तर दिलं, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, त्याला त्या काळ्या ब्रेडबद्दल सांगत बसले.

मागून बाबांचा आवाज आला. या हिवाळ्यात पोरीकडे जायचं असेल तर तिकिटं आतापासून बघायला लागतील, असं ते आईला सांगत होते.